भाऊजींच्या गाडीतल्या काजळीचा प्रामाणिक अहवाल

आदरणीय भाऊजी,

आपल्या दोन्ही चरणांना, क्लचच्या डाव्या आणि ब्रेकच्या उजव्या, धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. प्रत्यक्षात कंबर हल्ली एवढ्या अंगांना एकदम परवानगी देत नाही.) इकडे आम्ही सगळे ठीक. तिकडची खुशाली ताईच्या फोनवरून कळते, पण त्या फोनमध्ये आपली खुशाली पहिल्या श्वासातच उरकते आणि उरलेला वेळ नातीच्या दातांचं धावतं समालोचन चालतं. खालचे आले, वरचा एक डोकावतो आहे, तो उजवीकडचा आहे, इथवर आम्ही अद्ययावत आहोत. आपल्या गुडघ्यांची मात्र काहीच बातमी नाही. जिना चढताना ते अजून वाजतात का? वाजत असतील तर दुर्लक्ष करू नये. वाजणाऱ्या वस्तूंकडे दुर्लक्ष केलं की पुढे काय होतं, हाच या पत्राचा विषय आहे.

आपला निरोप पोचला. नातीला सोडवत नाही म्हणून लेकीकडचा मुक्काम आणखी वाढतो आहे. गाडी आमच्याकडे नुसती पडून राहण्यापेक्षा आपले ऑफिसातले स्नेही सावकाशराव यांना देऊन टाकावी असा आपला विचार आहे. ते लवकरच किल्ली न्यायला येतील. तत्पूर्वी मी गाडीच्या प्रकृतीचा खराखुरा अहवाल लेखी पाठवावा आणि तो वाचून आपण शेवटचं हो किंवा नाही सांगाल, असं ठरलं. (सावकाशराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण हिरव्या सिग्नलला 'आता लाल होईलच' म्हणून थांबणाऱ्या माणसाला हे नाव आपणच ठेवलंत, आणि आता त्यांची बायकोसुद्धा त्यांना तसंच म्हणते असं ऐकतो.) अहवाल फोनवर देता आला असता. पण फोनच्या वेळी आई शेजारी उभी राहते. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या आपल्या सासूबाईंच्या मते दोघांच्या संभाषणात तिसऱ्याने कान देणं ही आगाऊपणाची गोष्ट नसून सेवा आहे. म्हणून हे पत्र. ते मी माझ्या खोलीत दार लावून लिहितो आहे आणि दाराबाहेर कोणीतरी उभं आहे.

तर भाऊजी, अहवालाची सुरुवात आपल्याच वाक्यापासून करतो. जाताना गाडीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवून आपण म्हणालात, "मास्तर, जपा हो तिला." तेवढंच म्हणालात आणि डोळे पुसत टॅक्सीत बसलात. (ताईचा निरोप घेताना आपले डोळे मी कधी ओले पाहिले नाहीत, अर्थात ती बरोबरच येत होती.) मी माणूस संस्कृत शिकवणारा. एवढं छोटं वाक्य हाती आलं की त्यावर भाष्य लिहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. मी जपलं. रोज सकाळी उठून गाडी जागच्या जागी सुरू करायची, माझी दाढी होईपर्यंत तिला तशीच गुरगुरत ठेवायची, म्हणजे तिचा व्यायाम होतो, असा माझा सिद्धांत. मग इमारतीभोवती पहिल्या गिअरमध्ये एक प्रदक्षिणा. आठवड्याभरात धीर चेपल्यावर तिला कॉलेजात नेऊ लागलो. कॉलेज दोन वळणांपलीकडे आहे, तिसरं वळण घेतलं तर आपण पुन्हा घरी येतो. वाटेत कुठेही इंजिनाने आवाज चढवू नये याची मी इतकी काळजी घेई, की एकदा आमच्याच वर्गातली मुलं चालत चालत मला ओलांडून गेली आणि जाताना नमस्कारही करून गेली. जड आहाराने सुस्ती येते म्हणून टाकीत डिझेलही जेमतेम ठेवलं होतं. थोडक्यात, एखाद्याला ठार मारायचं असेल तर जे जे करावं ते ते सगळं मी प्रेमाने केलं.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि आपल्यालाही असण्याचं कारण नाही. आपला कारखाना गावाबाहेर लांब, आपण रोज हमरस्त्याने सुसाट जाऊन सुसाट येत होतात, त्यामुळे गाडीला आपल्यापाशी तक्रार करण्याची वेळच आली नाही. म्हणून थोडं विषयप्रवेशाचं सांगतो. (वर्गात या ठिकाणी मागच्या बाकावरची मुलं झोपतात. आपण झोपू नये, पुढे आपलंच नाव येणार आहे.) आताच्या डिझेल गाड्या आपला धूर पूर्वीसारखा उघड्या तोंडाने बाहेर सोडत नाहीत. त्यांच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या वाटेवर, मधाच्या पोळ्यासारख्या बारीक जाळीचा एक डबा असतो. धुरातली काजळी त्यात अडकते आणि बाहेर पडणारी हवा पुष्कळच सोज्वळ होऊन जाते. हा डबा भरत आला की गाडी स्वतःच थोडं जास्त डिझेल खर्चून त्याची भट्टी पेटवते आणि साठलेली काजळी जाळून टाकते. मात्र त्यासाठी ती चांगली तापलेली हवी, टाकीत पुरेसं डिझेल हवं आणि काजळी जळून होईपर्यंत ती बऱ्यापैकी वेगाने, मध्ये न थांबता धावत राहायला हवी. मध्येच बंद केलीत की भट्टी विझते आणि काजळी तशीच राहते. आता वरचा परिच्छेद पुन्हा वाचा, म्हणजे मी कोणत्या प्रतीचा वैरी आहे हे कळेल.

पहिली लक्षणं दिसली ती एका सकाळी. कॉलेजातून परतून गाडी जागेवर लावली, तर ती उभ्या उभ्या नेहमीपेक्षा मोठ्याने घुरघुरायला लागली, पुढचा पंखा गरगरू लागला आणि खालून तापलेल्या लोखंडाचा वास यायला लागला. आज कळतं की बिचारी काजळी जाळायला बसली होती. मला वाटलं, ताप आला. मी तत्काळ किल्ली फिरवून बंद केली, तरी पंखा थांबेना. तेवढ्यात तळमजल्यावरचे बागवाले काका (यांच्या हातातून पाण्याची नळी फक्त झोपेत सुटते, आणि तेही काकूंच्या सांगण्यावरून) धावत आले. "मास्तर, पेटली! बाजूला व्हा!" असं ओरडून त्यांनी नळी थेट गाडीच्या पोटाखाली धरली. त्यानंतर जी वाफ उठली तिच्यात गाडी, काका आणि त्यांच्या मोगऱ्याच्या कुंड्या असं सगळं दिसेनासं झालं. वाफ ओसरल्यावर काका विजयी मुद्रेने म्हणाले, "वेळेवर आलो म्हणून. नाहीतर भाऊजींना काय तोंड दाखवलं असतंत?" मी त्यांचे मनापासून आभार मानले. पुढे असा ताप दर दोन-चार दिवसांनी येऊ लागला. दर वेळी मी किल्ली फिरवायचो आणि काका नळी घेऊन यायचे. आमच्या दोघांच्या दक्षतेमुळे त्या डब्यातला एकही कण जळू शकला नाही.

याच सुमारास मला एक आनंदाची गोष्ट दिसली. इंजिनातलं तेल अधूनमधून बघावं असं आपण कधीतरी म्हणाला होतात, म्हणून बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी काढली, तर तेल वाढलेलं! भाऊजी, आमच्या घरात कोणतीही वस्तू वापरल्यावर वाढत नाही. मी तसाच पट्टी हातात धरून वर गेलो आणि सौ.ला म्हणालो, बघ, जपलं की कशी बरकत येते. सौ. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. लोकांना शेवटची ओळ वाचायला लावून लावून तिला प्रत्येक गोष्ट जवळ धरून बघायची सवय लागली आहे. तिने पट्टी नाकाशी नेली आणि म्हणाली, "अहो, हे तेल नाही वाढलेलं. याला डिझेलचा वास येतोय." मी म्हटलं, डिझेलच्या गाडीला डिझेलचा वास येणार नाही तर काय अत्तराचा? तिने पट्टी माझ्या हातात परत दिली आणि ज्याला सगळ्या ओळी धूसर दिसतात त्याच्याकडे दुकानात बघते तसं माझ्याकडे पाहिलं. ती बरोबर होती हे सांगायला नकोच. काजळी जाळायला म्हणून गाडी जे जास्तीचं डिझेल खर्चायची, ते मी भट्टी विझवल्यामुळे न जळता झिरपून खालच्या तेलात मिसळत होतं. बरकत कसली, तेल पातळ होत होतं.

शेवटी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. दिव्यात एक चित्र: नळकांडं आणि त्यात ठिपके. मी त्यावर संध्याकाळी कुटुंबात चर्चासत्र घेतलं. माझं मत, हे मधाचं पोळं असून आत माश्या शिरल्या असाव्यात. सौ.चं मत, मला न विचारता पुस्तक वाचा. आईचं मत कोणी विचारलं नव्हतं. ती तेव्हा खिडकीशी तिच्या खुर्चीत होती. भाऊजी, ती जिन्यात पडली तेव्हापासूनचं ताईला सगळं ठाऊक आहेच. डॉक्टर म्हणाले हाड जुळलं. आई म्हणाली हाड जुळलं, धीर नाही जुळला. तेव्हापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. कोणी बाहेर चल म्हटलं की "कशाला, इथून दिसतंय सगळं" म्हणायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. त्या दिवशी मात्र तिथूनच म्हणाली, "पिवळा दिवा म्हणजे कोणीतरी लाइनवर वाट बघतंय. आधी उचला तरी."

उचलला. म्हणजे गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे नेली. हा मनुष्य कोणत्याही आजारावर एकच उपाय सांगतो म्हणून आम्ही त्याला धन्वंतरी म्हणतो. तो पोटाखाली वाकून बघत म्हणाला, "डबा काढून टाकू. आतली जाळी फोडतो, रिकामा बसवतो, दिवा वायर कापून घालवतो. कटकटच मिटली." मी घरी येऊन हा विचार मांडला. (मला तो पटला होता. ज्या ग्रंथाचा अर्थ लागत नाही त्यातलं ते पान काढूनच टाकावं, ही कल्पना आमच्या क्षेत्रातही अधूनमधून लोकप्रिय होते.) आई म्हणाली, "चाळणीत कोंडा साठला म्हणून चाळणच फोडायची? आणि मग तो काळा धूर खिडकीतून कोणाच्या नाकात येणार? माझ्याच ना?" शिवाय असं करणं बेकायदा आहे आणि पुढच्या तपासणीत गाडी नापास होते, हे सौ.ने तोवर वाचून काढलं होतं. मग गाडी तिच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथे तिला संगणकाची नाडी लावली, पातळ झालेलं तेल बदललं, या डब्याला चालतं तेच कमी राखेचं तेल घातलं (साधं घातलं तर डबा राखेने लवकर भरतो, हे कृपया ध्यानात ठेवावं), आणि टाय लावलेल्या एका मुलीने मला गोड आवाजात सांगितलं की डबा अजून वाचण्यासारखा आहे, हमरस्त्यावर न थांबता पळवून आणा, नाही जमलं तर आम्ही इथे उभ्या उभ्या जाळून देऊ, आणि तेही नाही जमलं तर डबाच नवा. त्यावर मी गाडीच्या कप्प्यातलं आपलं माहितीपुस्तक काढलं. त्यावरचं प्लास्टिक अजून तसंच होतं, भाऊजी. मी काही बोलत नाही.

पुस्तक मात्र उत्तम आहे. शैली सूत्रमय, एकही शब्द जादा नाही, आणि प्राचीन ग्रंथांप्रमाणे ज्या ठिकाणी खरी अडचण येते त्या ठिकाणी 'अधिकृत जाणकारास विचारावे' असं म्हणून ग्रंथकार पुढे जातो. त्यात आणखी एक सूक्ष्म गोष्ट कळली. काजळी जळते, पण जळून जी चिमूटभर राख उरते ती कशानेच जात नाही. ती वर्षानुवर्षं साठत राहते आणि कधीतरी डबा काढून धुवावा लागतो. म्हणजे काजळी हे रोजचं क्रियमाण कर्म आणि राख हे साठलेलं संचित. मी हे सौ.ला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आधी काजळीचं बघा."

बघायला निघालो, तर अडचण अशी की न थांबणं हे आपल्या सासुरवाडीच्या रक्तात नाही. पहिल्या खेपेला टाकी भरून एकटा गेलो. हमरस्त्याला लागलो, गाडी तापली, पंख्याचा तो ओळखीचा सूर लागला, आणि बसथांब्यावरून आमच्या कॉलेजचे निवृत्त गणिताचे सर हात हलवताना दिसले. ओळखीच्या माणसासमोरून गाडी पुढे न्यायची? मी थांबलो, गाडी मागे घेतली, काच खाली केली. ते बसला हात करत होते. मला बघून त्यांना आनंद झाला, त्यांची बस गेली, त्यांना घरी सोडणं भाग पडलं, आणि ते आमच्या कॉलेजच्या मागेच राहतात. दुसऱ्या खेपेला सौ. बरोबर होती. मी म्हटलं, आज स्वर्गातून कोणी हाक मारली तरी थांबणार नाही. तेवढ्यात "अहो, थांबा थांबा, कुंड्यांचा टेम्पो!" अशी हाक आली, आणि ती स्वर्गातून नसल्यामुळे मी थांबलो. घरी आलो तेव्हा मागच्या सीटवर चार कुंड्या होत्या आणि पुढे तोच पिवळा दिवा. जिना चढताना आम्ही एकमेकांना दोष देत होतो, त्यामुळे आईला वरूनच सगळं समजलं. दार उघडलं तर ती खुर्चीतून उठून उभी होती.

"माझ्या चपला कुठे आहेत?" ती म्हणाली.

भाऊजी, घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. इतक्या महिन्यांत त्या लागल्याच नव्हत्या. आम्ही पलंगाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं. शेवटी माळ्यावर, जुन्या पडद्यांच्या खोक्यात सापडल्या, सौ.ने आवरताना कधीतरी ठेवल्या होत्या आणि ठेवताना काय वाटलं होतं ते तिने सांगितलं नाही. तिने त्या पदराने पुसून आईच्या पायांशी ठेवल्या. आई एवढंच म्हणाली, "लांब पल्ल्याचा ट्रंक कॉल लावायचा तर बोर्डावर मला बसावं लागेल. तुम्हां दोघांचं काम नाही ते." मग कठडा धरून, प्रत्येक पायरीला दम देत, ती खाली उतरली. बागवाले काकांच्या हातातली नळी (झोपेत नसताना) पहिल्यांदाच खाली पडलेली मी पाहिली.

ती पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावून घेतला आणि पिवळ्या दिव्याकडे बोट करून म्हणाली, "हा माझ्याकडे. तू नुसता रस्ता बघ." हमरस्त्याला लागलो, पंख्याचा सूर लागला. "लाइन लागली," आईने जाहीर केलं. "आता कोणी तोडायची नाही." डाव्या हाताला कोणी ओळखीचं दिसलं की मला पाय उचलायची इच्छा व्हायची, लगेच शेजारून आवाज यायचा, "एंगेज आहे, पुढे चल." सौ.ला पुन्हा टेम्पो दिसला. "आई, ते बघा ना, लाल कुंड्या..." "एंगेज." एका ठिकाणी मागून आलेल्या ट्रकने इतक्या जोरात भोंगा वाजवला की मी दचकलो, आईने काच खाली करून त्यालाही तेच सांगितलं. मी जन्मात एवढ्या वेगाने गेलो नव्हतो. भीतीने मला नेहमी छंद सुचतात, तसे सुचले, आणि मी मोठ्याने म्हटलं: "मन्दयाने मषीवृद्धिः, शीघ्रयाने मषीक्षयः." सावकाश चालवाल तर काजळी वाढते, जोरात चालवाल तर काजळी जाते. दुसरी ओळ मनात जुळवत होतो, तेवढ्यात आईने ती पुरी केली: "आणि थांबलास तर माझ्याशी गाठ आहे." वृत्तात बसत नाही, पण अर्थ नेमका.

मोठ्या पुलावर चढलो आणि दिवा गेला. आई टेकून बसली आणि म्हणाली, "लाइन क्लिअर." सौ. मागून टाळ्या वाजवत होती. मी विचारलं, आता वळू का? तर म्हणाली, "एवढ्यात कशाला? चालू दे जरा." खिडकीशी बसून सगळं दिसतं म्हणणारी बाई पुलावरून खालचं पाणी मान वळवून वळवून बघत होती.

परतीच्या वाटेवर ती बोलायला लागली. एक्स्चेंजमधल्या एकेका बाईचा, एकेका बोर्डाचा इतिहास निघाला, आणि मग भाऊजी, आपला निघाला. आपली पहिली नोकरी परगावी होती आणि लग्न ठरायच्या आधी आपण दर शनिवारी आमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर ताईला ट्रंक कॉल करत होतात, ही गोष्ट आपण दोघांनी आजवर गुप्त ठेवलीत. अभिनंदन. पण तो कॉल ज्या बोर्डावरून जायचा तिथे शनिवारी सुपरवायझर कोण असायचं, याचा आपण कधी विचार केला होतात का? आई म्हणते, आपण दोघं बोलत काहीच नव्हता. "ऐकू येतंय ना?" असं आपण विचारायचात आणि "येतंय" असं ताई म्हणायची, आणि मग पुन्हा आपण विचारायचात. "दोघांना स्वच्छ ऐकू येत होतं," आई म्हणाली, "लाइन मी स्वतः तपासलेली असायची." बाकीच्या मुलींना जराशा सवलतीसाठी फैलावर घेणारी ही बाई, त्या एका कॉलला मात्र दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हती. वेळ संपत आली की स्वतः मध्ये बोलायची, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" आणि पलीकडून एक घाबरा पुरुषी आवाज यायचा, "हो हो, वाढवा." तो आवाज पुढे जावई म्हणून दारात आला तेव्हा तिने पहिल्या 'नमस्कार'लाच ओळखला होता. मी गाडी हळू केली. लगेच म्हणाली, "पाय कशाला उचललास? रस्त्याकडे बघ."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही डबा साफ करून आणतो. गाडीला दर रविवारी त्याची गरज नसते, हे पुस्तकात स्वच्छ लिहिलं आहे. आईने ते वाचलेलं नाही आणि कोणी तिला ते दाखवलेलं नाही.

असो. आपण मागितलेला अहवाल आता सारांशरूपाने देतो. गाडी अत्यंत कटकटी आहे. तिला जवळची वाट चालत नाही, हळू चालवलेलं चालत नाही, उभं ठेवलेलं चालत नाही, स्वस्तातलं तेल चालत नाही, कमी डिझेल चालत नाही, मध्ये थांबलेलं तर मुळीच चालत नाही. मी तिला जपून जपून दमलो. ती ज्यांच्या घरी जाईल त्यांना लखलाभ असो. मी सुखाने पायी कॉलेजला जाईन. ताईला नमस्कार, भाचीला आशीर्वाद, नातीच्या वरच्या उजव्या दाताला शुभेच्छा.

आपला आज्ञाधारक
मास्तर

ता. क. १: वरचा सारांश सावकाशरावांना जरूर दाखवावा. फक्त सारांशच दाखवावा. गाडीत आता काहीही दोष नाही. इंजिन असं चालतं की उभं राहिल्यावर चालू आहे की नाही ते विचारावं लागतं.

ता. क. २: सावकाशराव परवाच्या रविवारी न कळवता येऊन गेले. घर ऑफिसासमोरच असल्यामुळे गाडी त्यांना फक्त सकाळी पुसायला हवी आहे, असं ते म्हणाले. पट्टीच्या पोहणाऱ्याला बादलीत ठेवण्यासारखं आहे हे. आई म्हणाली, बसा, दाखवते. हमरस्त्यावर त्यांनी मागून "जरा थांबता का?" असं अनेकदा विचारलं आणि त्यांना प्रत्येक वेळी 'एंगेज' मिळालं. माझा अंदाज होता की घाम पुसत उतरतील आणि गाडीचं नाव टाकतील. उतरले तेव्हा केस उभे होते आणि चेहरा विशीतल्या पोरासारखा. म्हणाले, "आजी, पुढच्या रविवारी येऊ?" गाडी त्यांना अजून हवीच आहे, पण आजींसकट. तशी ती मिळणार नाही, हे त्यांना आपणच सांगावं.

ता. क. ३: भाऊजी, आता खरं सांगतो. गाडी देऊ नका. पुढच्या महिन्यात द्या, पुढच्या वर्षी द्या, आपण आल्यावर आपणच चालवा आणि मला मागे बसवा, पण आत्ता देऊ नका. चपला दारापाशी आहेत. मी त्या पुन्हा माळ्यावर ठेवणार नाही.

ता. क. ४: (वेगळ्या अक्षरात) जावईबापू, दाराबाहेरून मला सगळं ऐकू येत होतं, हा मनुष्य लिहिताना मोठ्याने बोलतो. त्याचं गाडीबद्दलचं रडगाणं मनावर घेऊ नका, त्याला पुलावर गाणं म्हणताना मी ऐकलं आहे. मी भीड घालून काही मागणार नाही. माझं काम फक्त विचारण्याचं. तीन मिनिटं झाली. वाढवायची का?